पक्क्या रंगाचा पडदा

सगुणाबाई माझी आत्या. पासली गावाच्या वरच्या एका वाडीत गुरवाच्या घरी दिलेली. घरात नवरा, सासरा, दीर, जनावरं, चूल. रोज सकाळी देवीचं देऊळ झाडायला जायची, तेवढाच काय तो वेळ तिचा स्वतःचा. तिथं ती गुणगुणायची म्हणे. घरी तिला गाताना मी कधी ऐकलं नाही.

१९३६ साली वाडीनं देवळाच्या दाराला पुण्याहून गिरणीचा पिवळाधमक पडदा आणला. आधीचे हळदीत रंगवलेले पडदे महिन्याभरात विटायचे. हा दोन वर्षं उन्हात लोंबला तरी रंग जराही उतरला नाही. एका सकाळी आत्यानं तो बाजूला सारला आणि तिच्या हातात चिंधी आली. रंग नवा, कापड कुजल्यासारखं. हिनं विटाळात हात लावला, असं वाडीनं ठरवलं. आत्याला देवळाची पायरी बंद झाली.

मी तेव्हा मुंबईत रंगांचं रसायन शिकत होतो. ऐकून माझं डोकंच फिरलं. काही पिवळे रंग उन्हात सूत खातात, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं. त्याची नीट उकल पुढं झाली. त्या रंगात कीटोन असतो, म्हणजे कार्बननं दोन हातांनी धरलेला ऑक्सिजन. ऊन लागलं की एक हात सुटतो, दोघांकडे एकेक इलेक्ट्रॉन एकटा उरतो आणि हपापलेला ऑक्सिजन शेजारच्या सुतातून हायड्रोजन ओरबाडतो. सूत तुटतं. रंग तो हायड्रोजन हवेला देऊन टाकतो आणि पुन्हा जसाच्या तसा, पुढच्या चोरीला मोकळा. आळ मात्र माझ्या आत्यावर.

उन्हाळ्यात मी वाडीत आलो. वाडीचे कारभारी चिमाजी यांच्याकडून पडद्याचा उरलेला कोरा तुकडा मागून घेतला आणि अर्धा फळीखाली झाकून कौलांवर ठेवला. दोष कापडाचा निघाला तर पायरी उघडू, असं चिमाजींनी हसत कबूल केलं. दोन महिन्यांनी ओढून पाहिलं. झाकलेला भाग जोर लावूनही फाटेना. उघडा टरकन फाटला. मी धावतच आत्याकडे गेलो.

तुकडे बघून ती पांढरीफटक पडली. मग तिनं सांगितलं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. कुणी कबूल झालं नाही तर पूजेचा मान या घरातून जाईल, असं चिमाजींनी तेव्हा बजावलं होतं. सगळं घर तिच्याकडे बघत राहिलं. तिनं देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून, आपण विटाळात होतो अशी देवीची शपथ घेतली आणि चूक पदरात घेतली.

"आता तू मला निर्दोषी ठरीवलंस, तर म्या देवीपुढं खोटी शपथ घेतली असं व्हतंय," ती म्हणाली. "मान तर जाईलच. पर तिच्यासमोर म्या कुठल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

"आत्या, तुझा काही गुन्हा नाही."

"ते तिला ठावं हाय. तू गप ऱ्हा."

मला तिचा राग आला, चिमाजींचा आला, तिच्या गप्प नवऱ्याचा तर फारच आला. तुकडे मी तिच्याच चुलीत घातले. संध्याकाळी पारावर चिमाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, काय निघालं?

"दोन्ही भाग सारखेच मजबूत निघाले," मी म्हणालो. "कापडात खोट नव्हती."