दारात खाकरणारे जमादार

घरात शिरण्याआधी जमादार दारात दोनदा खाकरत. मग आवाज थोडा खाली घेऊन विचारत, "येऊ का आत, आई?"

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? येणारा पाहुणा खाकरतोच. पण जमादार पाहुणे म्हणून येत नसत. ते आमच्या घराची झडती घ्यायला येत.

चळवळीचे दिवस होते. माझे यजमान नाशकात शाळामास्तर होते आणि शाळा सुटली की चळवळीचं काम करत. इंग्रज सरकारने बंदी घातलेली पत्रकं आमच्या घरी येत आणि तिथून गावभर जात. त्यामुळे रविवार कारंज्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांवर पोलिसांची नजर असे. घरात माणसं तीनच: यजमान, मी आणि सासूबाई. सासूबाईंचं सोवळं कडक. स्वयंपाकघरात शेजारणीलासुद्धा पाऊल टाकू देत नसत.

आणि जमादार मूळचे चांदवडचे, मुसलमान. धिप्पाड देह, मेंदीने लाल केलेली दाढी, आणि एवढ्या देहाला न शोभणारा मऊ आवाज. बूट घालून ते कुणाच्याही उंबऱ्याच्या आत जात नसत. बूट काढायचे तर आधी पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या सोडायला हव्यात. ओट्यावर बसून ते एकेक वेढा सोडत, पट्टीची नीट गुंडाळी करत, मग दुसऱ्या पायाकडे वळत. बरोबरचे शिपाई उन्हात ताटकळत उभे. तेवढ्यात आमची पत्रकं मागच्या दाराने शेजारी पोचलेली असत.

हे ते मुद्दाम करत का? यजमान म्हणत, "छे, भोळा माणूस आहे." सासूबाई काहीच म्हणत नसत.

एकदा मात्र मागचं दारही पोलिसांनी अडवलं. पत्रकं घरातच राहिली. जमादार आत आले, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "आई, मी काय आत येत नाय. तुमीच डब्यांची झाकनं काढा. मी हितून बघतो."

सासूबाईंनी तांदळाचा डबा उघडला, डाळीचा उघडला, बाजरीचा उघडला. कोपऱ्यातल्या पितळी डब्याशी त्यांचा हात थांबला. मी पदराचं टोक दातात धरलं.

"ह्यात देवाचं आहे," सासूबाई म्हणाल्या. जन्मात त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या असतील.

जमादारांनी डब्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "देवाचं हाय तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन पट्ट्या बांधायला बसले.

ही अदब काही आमच्यापुरती नव्हती. गंगेवरच्या, म्हणजे गोदेकाठच्या, बाजारात त्यांनी एका खिसेकापूला पकडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं मनगट घट्ट धरून ते विचारत होते, "का हो, आपला हात चुकून ह्यांच्या खिशात गेला वाटतं?" भंग्यालाही ते "अहो" म्हणत. नाशकात तेव्हा त्याला "अहो" म्हणणारं दुसरं कुणी मला तरी आठवत नाही. आम्ही देशासाठी तुरुंगात जायला निघालेली माणसंही म्हणत नव्हतो.

मी एकदा त्यांना विचारलंच, "जमादार, पोलिसाला इतकी अदब कशाला हो?"

ते हसले. "वैनी, ही वर्दी बघूनच लोक निम्मे मरत्यात. वर आनि आवाज कशाला चढवायचा?"

यजमानांना पकडायला आले तेही जमादारच. सकाळची वेळ, पानं नुकतीच वाढली होती. दारात खाकरण्याचा आवाज आला आणि आम्ही समजलो. "मास्तरांचं जेवन होऊ द्या," ते बाहेरूनच म्हणाले. यजमान सावकाश जेवले. सासूबाईंनी वाढलेला शेवटचा भातही त्यांनी नको म्हटला नाही. मग ते बाहेर आले आणि त्यांनी हात पुढे केले. जमादारांनी बेड्या घातल्या आणि वरून यजमानांचंच उपरणं पांघरलं.

"ते काढा," यजमान म्हणाले. "दिसू द्या लोकांना. मला नाही लाज वाटत."

"तुमाला नसंल, मास्तर," जमादार म्हणाले. "मला वाटती."

टांग्यात बसताना त्यांनी उन्हाची बाजू स्वतः घेतली. टांगा नाशिकरोडच्या तुरुंगाकडे निघून गेला. मला रडू येत होतं आणि संतापही. अदबीने घातल्या म्हणून बेड्या का सैल होतात? माणूस नेला तो नेलाच. हे मी सासूबाईंना बोलूनही दाखवलं. त्या उष्टी काढत होत्या. म्हणाल्या, "पोटभर जेवून गेला गं. तेवढं तरी त्या माणसाने केलं."

पुढे मीही घराबाहेर पडले. आम्ही बायका बाजारातल्या दारूच्या गुत्त्यासमोर निरोधनाला, म्हणजे गिऱ्हाइकांची वाट अडवायला, बसायला लागलो. त्याच सुमारास गावात नवा फौजदार आला. तरणा, तिखट, तोंडाने फटकळ. एका दुपारी आम्ही गुत्त्याच्या पायरीशी बसलो होतो. लॉरी आली. फौजदार खाली उतरला आणि ओरडला, "केस धरून ओढा एकेकीला!"

जमादार पुढे आले. आमच्यासमोर उभे राहून, काय सांगू तुम्हाला, ते खाकरले.

"बाया हो, उठता का? हात जोडतो."

"नाही उठणार, जमादार," मी म्हटलं.

"ते मला ठाव हाय. पन इचारल्याबिगर कसं?"

ते वळले आणि फौजदाराकडे गेले. "साहेब, त्या उठत नायत. आनि मी बायांच्या अंगाला हात लावनार नाय."

फौजदाराने त्यांच्या आईचा उद्धार केला. सगळ्या बाजारादेखत, आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला "अरे-तुरे" करत. जमादार ऐकून घेत उभे राहिले. मग त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, लाठीसकट लॉरीच्या पायरीवर ठेवला. "आपन साहेब हाय. आपन द्याल ती शिक्षा घेईन. हे काम माझ्या हातनं व्हनार नाय." आवाज तसाच मऊ. मला वाटतं, त्या बाजारात फौजदाराशी त्या क्षणी तेवढं नीट बोलणारे ते एकटेच असतील.

बाकीच्या शिपायांनी आम्हाला ओढून लॉरीत घातलंच. ते काही टळलं नाही. पण माझा दंड धरणारा शिपाई हळूच म्हणाला, "बाई, पदर सावरा."

जमादारांच्या बाहीवरच्या फिती गेल्या. साधा शिपाई करून त्यांना नांदगावला धाडलं. मी तुरुंगातून सुटून आले तेव्हा ही बातमी कळली. निरोप घ्यायला ते कुणाकडेच गेले नव्हते. पुढच्या झडतीला दुसरी माणसं आली. त्यांनी डाळ-तांदूळ जमिनीवर ओतले. सासूबाई दिवसभर निवडत बसल्या होत्या.

यजमान सुटले, पण शाळेने त्यांना परत घेतलं नाही. नोकरी शोधायला आम्ही दोघं भुसावळला निघालो होतो. नांदगाव स्टेशनात गाडी थांबली आणि फलाटावर जमादार दिसले. दाढीची मेंदी गेली होती, वर्दी अंगावर सैल झाली होती. गर्दीला वाट करून देत होते, "सरका राव, म्हातारीला चढू द्या." यजमान खाली उतरले. सुटून आलेल्या कैद्याला वर्दीतल्या शिपायाने सर्वांदेखत नमस्कार करावा की नाही, या पेचात जमादार उभे. यजमानांनीच आधी हात जोडले.

"मास्तर, लय वाळलात," जमादार म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"घरी या आता नाशकाला. पोलीस म्हणून नाही, जेवायला."

"येतो की. पेन्शन झाली म्हंजी येतो. वर्दी उतरल्यावर." गाडी हलली तरी ते खिडकीबरोबर चालत होते. "आईला सलाम सांगा," एवढं ऐकू आलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सलाम सांगितला. त्या म्हणाल्या, "येऊ दे. पुरणाचं करीन."

ते आले नाहीत. पेन्शनला थोडे महिने उरले असताना नांदगावलाच तापाने गेले. चांदवडहून कांदे घेऊन येणाऱ्या एका गाडीवानाने आमच्या ओट्यावर टेकून ही बातमी सांगितली. सासूबाई आत निघून गेल्या.

थोड्या वेळाने मी आत गेले. सासूबाई मोरीतून बाहेर येत होत्या. सकाळची आंघोळ केव्हाच झालेली असताना त्यांनी पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं होतं. आमच्याकडे घरातलं माणूस गेल्याचं कळलं की घेतात, तसं. ओल्या लुगड्याने त्या चुलीपाशी बसल्या. बंबात पाणी उरलं होतं. मीही उठले आणि आंघोळीला गेले.