गिटारीले ग्रीस

रिसोडला लेथमशीनवाले एक काका आहेत. हातात आलेली कोणतीही वस्तू ते आधी पान्यानं ठोकतात आणि कान लावून ऐकतात. मग ती मळणीयंत्राची पुली असो, की माझा चहाचा कप. वाक्य संपलं की "समजलं ना?" विचारतात, आणि उत्तरासाठी कधीच थांबत नाहीत.

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात, मागच्या उघड्या खाचेत, स्प्रिंगा अडकवायचा एक धातूचा ठोकळा आहे. वरची दांडी दाबली की तो झुलतो आणि सूर थरथरतो. तसाच पोलादी करून घ्यायला मी तो काकांकडे नेला.

"हा कायले बदलून राह्यला?"

"पोलादी केला की आवाज दमदार येते, काका. परवा कामरगावले ऑर्केस्ट्रा हाय."

काकांनी ठोकळा ठोकला, ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "हा त मुकाच हाय. समजलं ना?"

दुसऱ्या दिवशी पोलादी ठोकळा बसवून तयार. तार छेडली, तर आवाज खरंच घुमला. फक्त ठोकळ्याच्या मागे ट्रॅक्टरला असतं तसं ग्रीस भरायचं निप्पल होतं.

"काका, हे काहून?"

"जे हालते त्याले ग्रीस पायजे. आता भरलं हाय, पुढं पोळ्याले पोळ्याले भरत जाय. समजलं ना?"

कामरगावला मी जीव तोडून दांडी दाबली. कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर बेंबीवर, काळा गोल उमटला होता. पहिल्या रांगेतून काका उठून आले, तो गोल बोटानं चोळून पाहिला आणि समाधानानं म्हणाले,

"बराबर पोचून राह्यलं."