चौकटीमागची ढब्बू

ऑफिसात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला स्क्रीनशॉटभाऊ म्हणत, आणि ते त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. कुणाचाही कॉम्प्युटर अडला की याचं उत्तर ठरलेलं, "आधी स्क्रीनशॉट पाठवा." कॉम्प्युटरला आग लागली म्हणून कुणी धावत आलं असतं, तरी हा पठ्ठ्या म्हणाला असता, आगीचा स्क्रीनशॉट मेल करा, मग बघतो.

मालवाहतुकीच्या कंपनीचं ऑफिस ते. खाली गोदाम, वर बिलिंग, आणि जिन्याखालच्या खोलीत हा, मोडके कीबोर्ड आणि वायरींच्या गुंत्यात बसलेला. वरच्या रांगेतलं ते बटण दाबा, पेंट उघडून चित्र चिकटवा, सेव्ह करा, मेलला जोडा. सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस यायचा, पण लोक कसले ऐकतात! गोदामाचे मॅनेजर मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून पाठवत. त्यात छताचा पंखा दिसे, त्यांचं टक्कल दिसे, अडचण तेवढी दिसत नसे. अकाउंट्समधल्या काकांची तर कमालच. ते याच्या टेबलाशी येत आणि आपणच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधली अडचण सांगणारी चौकट माऊसनं बंद करायला बघत. "अहो काका, हे चित्र आहे, चित्र! खरी चौकट तुमच्या टेबलावर राहिली. ही काही जन्मात हलायची नाही," म्हणून हा पोट धरून हसे. आलेला मेल मात्र तो कधी फेकत नसे, कुणाचाही. उद्या कुणी म्हणालं की मी कळवलं होतं, तर पुरावा हाताशी हवा.

बिलिंगमध्ये त्याची बायको होती. दोघांचं जमलं ते याच मेलांवर. लग्नानंतरही तिची थट्टा थांबली नाही. "माननीय साहेब, आपल्या पत्नीचा कॉम्प्युटर पुन्हा रुसला आहे, तरी समजूत काढण्यास वर यावे." याचं उत्तर, "स्क्रीनशॉट पाठव." घरी गेल्यावर त्यावरून तिनं त्याला भरपूर सुनवावं आणि दोघांनी हसावं, असं चाललं होतं.

मग त्यांना मुलगी झाली. गाल असे वर आलेले की डोळे शोधावे लागत, म्हणून ढब्बू. ढब्बू बसायला लागली, आणि एका तापात गेली. इतक्या पटकन सांगितलं, कारण घडलंही तितक्याच पटकन.

बायको रडली, ओरडली, भिंतीवर डोकं आपटून घेतलं, आणि हळूहळू माणसांत आली. याचं उलटंच. डोळ्यांतून टिपूस नाही. भेटायला आलेले पांगले तसे त्यानं भिंतीवरचे फोटो उतरवले आणि जाळले. दोघांच्या मोबाइलमधले पुसले. नात्यात ज्यांच्याकडे होते, त्यांनाही हात जोडून पुसायला लावले. "मला बघवत नाही," एवढंच म्हणायचा. त्याची ती अवस्था बघून बायको गप्प बसली. पण एक फोटो तिनं आधीच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवला होता. ढब्बू याच्या मांडीवर बसून बोळकं पसरून हसतेय आणि याचा अंगठा तिच्या मुठीत. तो तिनं पडद्यावर लावला. "घरात तुमच्या मनासारखं होऊ दे," ती म्हणाली, "पण ऑफिसातला पडदा माझा."

बिलिंगचं सॉफ्टवेअर तर रोज उठून रडायचं. तिचा मेल आला, त्यानं उघडला, आणि समोर पडदाभर ढब्बू. अडचणीची चौकट बिचारी खाली कोपऱ्यात. त्यानं तो मेल पुसला, कचरापेटीतूनही काढून टाकला, वर जाऊन मुकाट्यानं प्रिंटर जोडून आला. पुन्हा मेल, पुन्हा तेच. शेवटी त्यानं लिहिलं, "चौकटीपुरता भाग कापून पाठवत जा. बाकीचं नको."

त्यानंतर नुसत्या करड्या चौकटी येऊ लागल्या. माननीय साहेबही मेलांतून गेले. त्याला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा. वर्षं अशीच गेली, आणि त्यांना दुसरं मूल झालं नाही.

परवा दुपारी तिच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. त्यानं स्वतः खोलून बघितली, बाहेरच्या दुकानातही देऊन बघितली. तिथल्या माणसानं हात वर केले. बिलं सगळी सर्व्हरवर होती. "काळजी करू नकोस, काही गेलं नाही," त्यानं बायकोला फोनवर सांगितलं.

ती जिना उतरून खाली आली आणि स्टुलावर बसली.

"ढब्बूचा फोटो गेला," ती म्हणाली. "तेवढा एकच होता."

यानं खोललेली डिस्क टेबलावर बाजूला सारली.

"पण तुमच्याकडे असणार." ती चक्क हसली. "सुरुवातीला मी अख्खा पडदा पाठवायचे, आठवतं? माझ्याकडचे पाठवलेले मेल डिस्कबरोबर गेले. तुम्ही तर कुणाचं काही टाकत नाही. काढा बघू."

त्यानं माऊसवर हात ठेवला.

"एक सांगू? ती मेली चौकट नेमकी मधोमध यायची, तिच्या तोंडावर. मी आधी ती कोपऱ्यात सरकवायचे आणि मगच बटण दाबायचे. तुम्हाला दिसावी म्हणून हो. म्हटलं, घरी नाही तर नाही, इथे एकटे असताना तरी बघाल. बघाल आणि एकदाचे रडाल."

काय सापडणार आहे ते ठाऊक असूनही त्यानं जुने मेल काढले. अख्ख्या पडद्याचा एकच निघाला. त्या दिवशी ती घाईत असावी. चौकट बरोबर मध्ये होती, "प्रिंटर सापडत नाही" म्हणत. तिच्या वर थोडं जावळ दिसत होतं, आणि खाली एक मूठ, मुठीत त्याचा अंगठा.

"आणि बाकीचे?"

"पुसले," तो म्हणाला. "ती दिसली की मी पुसायचो. यात तोंड झाकलेलं होतं, म्हणून हा राहिला." आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. टेबलावर डोकं टेकून तो हमसाहमशी रडू लागला.

ती रागावली नाही, त्याला जवळही घेतलं नाही. तिनं त्याच्या हाताखालचा माऊस काढून घेतला. बाण चौकटीच्या वरच्या पट्टीवर नेला, बटण दाबून धरलं आणि पूर्वी सरकवायची तशी चौकट कोपऱ्याकडे ओढली. चौकट हलली नाही. तिनं पुन्हा ओढली.

हे चित्र आहे, असं काकांना हसत हसत सांगणाऱ्या त्याला, बायकोला तेवढं सांगायला तोंड उघडवेना. ती ओढत राहिली.