लताबाईंच्या हाताचं पेन

आशा निकाळेनं आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातायचा, ट्रेड घेतला तेव्हा वर्गात तेवीस मुलगे होते आणि मुलगी ती एकटी. लेथवर मुलगी टिकायची नाही, असं पहिल्याच आठवड्यात सरांनी तोंडावर सांगितलं होतं. वर्षाच्या शेवटी त्याच सरांनी तिनं कातलेला लोखंडी भाग नमुना म्हणून कपाटात ठेवला. पुढं अंबडच्या एका कारखान्यात तिनं बावीस वर्षं काढली. पितळेचे, पोलादाचे छोटे छोटे भाग कातायचे, केसाच्या जाडीइतकाही फरक चालायचा नाही. मग कंपनीनं तिथलं काम बंद करून दुसऱ्या राज्यात नेलं आणि निरोपाच्या दिवशी सगळ्यांना हार, नारळ आणि डबीतलं एकेक पेन दिलं.

त्या पेनाचं टोपण तीन महिन्यांत ढिलं झालं. आशानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि पेन सुटं केलं. आत एक पितळेची नळी, दोन आटे, निब आणि शाई ओढणारा छोटा पंप. ती बघतच राहिली. नवरा शेखर देवळाली कॅम्पातल्या ऑफिसातून आला तरी भाजी फोडणीला पडली नव्हती.

"अहो, यात आहे काय? हे तर मला येतं," ती म्हणाली.

शेखरला काही कळलं नाही, पण बायकोचा चेहरा तीन महिन्यांनी असा उजळलेला पाहून त्यानं स्वतःच भाजी फोडणीला टाकली.

चौकशी करता करता तिला कळलं की पेनाचे किट मिळतात. निब, क्लिप, नळी, आटे असं सगळं पाकिटात येतं; वरचं अंग आपण बनवायचं. लाकडाच्या ठोकळ्याला आरपार भोक पाडायचं, नळी डिंकानं आत बसवायची, लेथवर ठोकळा कातून गोल करायचा, घासून पॉलिश करायचं आणि शेवटी सगळे भाग दाबून एकमेकांत बसवायचे. तिनं विहितगावच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जुनं लहान लेथ बसवलं. द्वारका चौकातल्या फर्निचरवाल्यांकडून सागाचे, शिसवीचे उरलेले तुकडे आणले. लोखंड कातणाऱ्या हाताला लाकूड आधी जुमानेना. पहिले चार ठोकळे फुटले, पाचव्याची नळी तिरकी बसली. सहावं पेन शेखरनं खिशाला लावून ऑफिसात नेलं आणि ते बघून तिघांनी मागितलं.

शेजारच्या बायका मात्र विचारायच्या, "आशाताई, आता शाईच्या पेनानं लिहितं कोण?" ती हसून पुढचा ठोकळा लेथला लावायची.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात कॅम्पात बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. पापड, गोधड्या आणि नागलीच्या बिस्किटांच्या मधोमध आशानं पेनांचं टेबल मांडलं. दुपारी एक तरुण बाई आली. सगळी पेनं एकेक करून उचलून पाहिली आणि म्हणाली, "ताई, यापेक्षा जाड हाय का?"

"किती जाड?"

तिनं बोटांनी दाखवलं ते लाटण्याच्या मुठीएवढं होतं. "माझ्या सासूबाईंना पाहिजे. हात गेलाय त्यांचा."

तिचं नाव राखी कडू, घोटीची. सासूबाई म्हणजे लताबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. प्रदर्शनाच्या सव्वा वर्ष आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची बोटं मात्र जेमतेम वळत होती. बँकेत गेल्या तर सही जुळेना. खिडकीवरचा मुलगा काही वाईट नव्हता. त्यानं उठून खुर्ची दिली आणि म्हणाला, "आजी, सोपं करू, अंगठा लावा." लताबाई तशाच उठून घरी आल्या.

"त्यांनी लय बायांना सही शिकवलीय, ताई," राखी म्हणाली. "साक्षरतेचे वर्ग घ्यायच्या. भाताची लावणी उरकून बाया यायच्या, चिखलाच्या हातांनी. आता त्यांनाच अंगठा लावा म्हटलं. तेव्हापासून बँकेचं नाव काढू देत नायत."

आशाची आई, गोजराबाई, जन्मभर अंगठाच लावत आली होती. रोजगार हमीच्या हजेरीवर अंगठा उठवला की ती वाटेतली माती घेऊन बोट घासायची, कातडी लाल होईपर्यंत. लहानपणी आशाला वाटायचं, शाई अंगाला वाईट असते म्हणून आई घासते. खरं कारण कळायला तिला बरीच वर्षं लागली.

"मी बनवते," ती राखीला म्हणाली.

पंधरा दिवसांत तिनं शिसवीचं चांगलं जाडजूड पेन केलं, आरशासारखं चमकवलं आणि द्वारकेहून बस पकडून स्वतः घोटीला गेली. लताबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले, नजर थेट. त्यांनी डाव्या हातानं पेन उचलून उजव्या हातात ठेवलं, बोटं एकेक करून त्याभोवती वळवली आणि वहीवर टेकवलं. दोन अक्षरं उमटली. मग पेन बोटांत गोल फिरलं, निब आडवी झाली आणि कागद कोरडाच राहिला. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा पेन हातातून सुटून खाली पडलं.

राखी वाकून उचलू लागली. आशाला तर कुठं तोंड लपवू असं झालं.

"जड आहे," लताबाई सावकाश म्हणाल्या. "आणि फिरतं. दिसायला देखणं आहे हो. पण तुम्ही ते माझा हात बघायच्या आधी बनवलंत."

आशाला ते बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. कारखान्यात माप घेतल्याशिवाय तिनं कधी मशीन चालू केलं नव्हतं.

"बाई, बॉलपेन नको का तुम्हाला? हलकं असतं," तिनं विचारून पाहिलं.

"बॉलपेन दाबावं लागतं. माझ्या हातात दाब कुठंय? शाईपेन नुसतं टेकलं तरी लिहितं. मी सगळं करून पाहिलंय."

तेवढ्यात राखीनं भाकरीसाठी पीठ काढलं. आशा उठून आत गेली आणि म्हणाली, "राखी, भाकरी राहू दे थोडा वेळ. मला गव्हाची कणीक दे, घट्ट मळून." कणकेची तिनं लांबट वळी केली, ती लताबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "बाई, पेन धरता तसं धरा. जमेल तसं धरा, बरोबर-चूक काही नाही."

लताबाईंनी धरलं. अंगठा एका बाजूला रुतला, मधलं बोट खालून, आणि पहिलं बोट वरती आडवंच राहिलं. आशानं वळी अलगद सोडवून घेतली, पट्टी लावून प्रत्येक खळग्याची खोली कागदावर टिपली, चारी बाजूंनी फोटो काढले. लताबाई शाळेत वही तपासावी तसं तिचं काम नीट निरखत होत्या.

"कुठं शिकलात हे?"

"सातपूरला, आयटीआयमध्ये."

"छान," लताबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण परतीच्या बसमध्ये आशाला तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता.

आता खरं काम सुरू झालं. शिसवी बाजूला ठेवून तिनं शिवणीच्या झाडाचं लाकूड शोधलं, वजनाला जवळजवळ निम्मं. किटमधली पितळेची नळी काढून त्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची बसवली. लेथवर अंग गोल कातून झालं की ते काढून घ्यायचं आणि कणकेच्या मापानं अंगठ्याची जागा, मधल्या बोटाची जागा कानशीनं हातानं उतरवायची. पेन फिरू नये म्हणून बोटं टेकतात तिथं एक बाजू सपाट ठेवली. शिवण मऊ, कानस जरा जोरात गेली की खड्डा पडायचा. तीन अंगं वाया गेली. निबेचं टोकही तिनं बारीक दगडावर घासून थोडं गुळगुळीत केलं, म्हणजे हात जरा तिरका पडला तरी शाई तुटणार नाही.

मग तिला टोपण आठवलं. एका हातानं टोपण काढायचं कसं? दिवसभर ती उजवा हात पदराखाली ठेवून डाव्या हातानं पेन उघडून पाहत होती. शेवटी तिनं टोपणच एका जड ठोकळ्यात कायमचं बसवून टाकलं. ठोकळा टेबलावर राहील, पेन त्यात खोचायचं आणि ओढून काढायचं.

ती पुन्हा घोटीला गेली. या वेळी लताबाईंनी ठोकळ्यातून पेन ओढलं आणि काही न सांगता त्यांची बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. अंगठ्याखाली अजून थोडं टोचत होतं. आशानं पिशवीतून काचकागद काढून तिथंच बसून ते घासलं. मग लताबाईंनी वहीत एक आडवी रेघ ओढली. मग उभी. मग 'अ'. 'अ' वाकडा होता, पण शाई कुठं तुटली नाही. राखी पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

"लगेच बँकेत जायचं नाही," लताबाईंनी बजावलं. "दीड महिना सराव. रोज दोन पानं."

त्या बोलल्या तसं वागल्या. फेब्रुवारीत राखीचा फोन आला, "ताई, उद्या बँकेत जायचंय. बाई म्हणतायत तुम्ही पण या."

बँकेत तोच मुलगा होता. नव्या सहीचा नमुना द्यायचा तर फॉर्मवर तीन चौकटींत तीन सह्या करायच्या होत्या. राखीनं पिशवीतून ठोकळा काढून काउंटरवर ठेवला. मागं रांग होती. कुणीतरी घाई केली, तसा तो मुलगाच म्हणाला, "जरा थांबा काका, वेळ लागेल."

पहिली सही 'ल. र. कडू' अशी सावकाश उतरली. दुसरीही. तिसरीच्या वेळी हात दमला आणि शेवटचा उकार चौकटीच्या बाहेर घसरला. आशानं मदतीला पुढं केलेला हात आपणहून मागं घेतला.

मुलानं फॉर्म पाहिला. "चालेल, बाई. जुळतायत तिन्ही."

"नाही चालणार," लताबाई म्हणाल्या. "नवा फॉर्म द्या. चौकटीबाहेर गेलेलं मी पोरांचं कधी चालवून घेतलं नाही."

रांगेत कुणीतरी हसलं, मग तो मुलगाही हसला आणि त्यानं नवा फॉर्म दिला. लताबाईंनी दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून विसावू दिला. मग तिन्ही सह्या केल्या, तिन्ही चौकटीच्या आत. बाहेर आल्यावर त्यांनी आशाला चहा पाजला आणि बशी डाव्या हातानं धरून एवढंच म्हणाल्या, "आता पत्रं लिहायची आहेत. खूप राहिलीत."

ही बातमी कशी पसरली ते आशाला माहीत नाही. लताबाईंना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आणखी दोघांना तिच्याकडं पाठवलं. एकीला संधिवात होता, दुसऱ्याचा हात थरथरायचा. थरथरणाऱ्या हाताला उलट जड पेन लागतं, हे तिला दोन पेनं फसल्यावर कळलं. आता बुधवारी ती लेथ लावत नाही. त्या दिवशी माणसं येतात, घरासमोरच्या ओट्यावर बसतात, हात दाखवतात.

मागच्या बुधवारी कॅम्पातून मल्हारी बोडके आले. तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार, उजव्या हाताची दोन बोटं नसलेले. आशानं त्यांचा हात उलटा-सुलटा करून पाहिला, अंगठ्याची पकड तपासली आणि विचारलं, "सही करायची अडचण आहे का, दादा?"

"नाय हो, सही डाव्यानं करतो मी," मल्हारी जरा लाजून म्हणाले. "पेपरातलं शब्दकोडं सोडवायचंय. डाव्यानं अक्षर घरात मावत नाय."

"मग निब बारीक लागेल," आशा म्हणाली आणि शेखरला आजचा पेपर आणायला सांगून तिनं कोड्याच्या एका घराचं माप घेतलं.