मामासाठी राखलेला भोपळा

आज सुनेनं नातवासाठी लाल भोपळा उकडला आणि त्या गोडसर वासानं मला मलकापूरच्या परसात नेलं. लढाईचं साल होतं. माझ्या लेकाला दूध पुरेना; भाकरी दिसली की झेपावायचा. पण पहिला घास मामानंच भरवायचा, आणि माझा भाऊ सरहद्दीवर. तो सुट्टीवर येईल म्हणून लेकाच्या आंघोळीच्या पाण्यावर वाढवलेला भोपळा मी वेलावरच राखला होता.

भाऊ गेल्याची तार आली. त्याच सांजेला सासूबाईंनी भोपळा तोडून उकडला.

"आवं, मामाचा हाय त्यो!" मी ओरडले.

"पोराची भूक कुणासाठी थांबती व्हय?" म्हणत त्यांनी घास भरवला.

तेव्हा मला त्यांचा हात दगडाचा वाटला. आज आठवतं, तो थरथरत होता, आणि लेक मिटक्या मारत पुन्हा तोंड उघडत होता.