जें दिसतें तें बोला

किस्सा घडायला निदान दोन माणसं लागतात. एकट्या माणसाच्या घरात किस्से साठत नाहीत, फक्त धूळ साठते! त्यामुळे माझ्याकडे अलीकडचे जे काही किस्से आहेत, ते सगळे एकाच पांढऱ्या गाडीतले आहेत. गाडीवर लाल 'एल' आहे आणि ती चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीतून रोज सकाळी गचके खात जाते.

आमचे हे गेले आणि आमची स्वतःची गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली. हे रेल्वेत होते, त्यामुळे आम्ही चेन्नईत आलो आणि इथलेच झालो. मुलगा परदेशात. तो फोनवर म्हणाला, "आई, पोंगलला येतोय. तोवर तुला लायसन मिळालं नाही, तर गाडी विकून टाकू." यांचं घरात राहिलेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ती गाडी. मी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं.

*

शिकवायला राव मास्तर. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले, म्हणून घरची भाषा मराठी. पण ती ऐकायला बखरीतली आणि सूर अस्सल तमिळ! त्यांचा नियम एकच. "उगे बसूं नका. रस्त्यांत जें दिसतें तें मोठ्यानें बोला." उगे म्हणजे गप्प; बोलत राहिलं की नजर भटकत नाही.

एका गाडीत आम्ही तिघं शिकणारे. कॉलेजातली दिव्या इंग्रजीत बोलते, जॉर्ज टाउनचे व्यापारी मुरुगेसन तमिळमध्ये, आणि मी मराठीत. भीती वाटली की मला दुसरी भाषा सुचतच नाही! प्रत्येक वाक्यावर मास्तर म्हणणार, "बरोबर. पुढें?"

पहिल्या दिवशी मी ओरडले, "गाय बसलीय! उठायचं लक्षण दिसत नाही!"

"बरोबर. गायीस लायसन नको, तुम्हांस पाहिजे. थांबा."

*

मुरुगेसनना हॉर्नचं व्यसन. समोर कोणी नसलं तरी वाजवायचे. एक दिवस मास्तरांनी फर्मान काढलं, "आज हॉर्नला हात लावायचा नाही." दहा मिनिटं बिचारे घामाघूम झाले. मग काच खाली केली, मान बाहेर काढली आणि पुढच्या स्कूटरवाल्याला हाक मारली, "साऽऽऽर!"

स्कूटरवाला दचकून बाजूला थांबला, उतरला, आणि अदबीनं खिडकीशी येऊन विचारू लागला, "काय काम होतं, सार?"

*

दिव्याचा किस्सा अड्यारचा. झेब्रा क्रॉसिंगवर एक आजोबा उभे होते. हिनं नियमाप्रमाणे गाडी थांबवली. आजोबा हलेनात. हिनं हात केला, "तुम्ही जा." त्यांनी हात केला, "तू जा." मागे हॉर्नचा कल्लोळ! शेवटी आजोबा रस्त्यात उतरले, पण पलीकडे न जाता सरळ आमच्या खिडकीशी आले.

"वंडी रिपेराम्मा? तळ्ळट्टुमा?" म्हणजे, गाडी बिघडली का बाळ, ढकलू का?

*

बोलायची सवय वाईट. क्लास संपवून घरी आले तरी तोंड चालूच. "दूध फ्रिजमध्ये. गॅस बंद. डाव्या हाताला चप्पल, अडखळू नकोस."

एकदा शेजारच्या मामींनी जिन्यात गाठलं. "कोणी पाहुणे आलेत का? सकाळपासून बोलण्याचा आवाज येतोय."

"हो," मी म्हटलं. "कॉफी घेऊन आत्ताच गेले."

मामींना फार बरं वाटलं. मला वाटलं नाही.

*

मास्तरांच्या गाडीत सीटबेल्टच्या पट्ट्याचा 'टक्' असा आवाज झाल्याशिवाय चाक हलत नाही. मागे बसलेल्यांनाही सूट नाही. त्यावरून मी आमच्या यांचा किस्सा सांगितला. पट्टा लावला नाही की गाडी टुणटुण करत राहते. ह्यांनी काय करावं? पट्टा आधीच रिकाम्या सीटवरून, आपल्या पाठीमागून, खटक्यात अडकवून टाकला आणि वर ऐटीत टेकून बसले! गाडी गप्प. "बघ, कशी फसवली!" मी रोज कटकट करायचे, हे रोज हसायचे. शेवटी गेले ते घरीच, दुपारी पेपर वाचता वाचता खुर्चीत. पट्ट्याचा काही संबंधच आला नाही.

दिव्या आणि मुरुगेसन पोट धरून हसले. मास्तर नाही हसले. "गाडीस फसवून कोणास काय मिळालें, बाई?"

*

परीक्षेतही मी अखंड बोलत होते. सिग्नल, सायकल, नारळवाला, काही सोडलं नाही. आरटीओच्या साहेबांनी कागदावर सही केली आणि कपाळ पुसत म्हणाले, "मॅडम, पास. आता तरी गप्प बसा!"

*

पोंगल तोंडावर आला होता. मेकॅनिक बॅटरी बदलून गेला. रविवारी सकाळी आम्ही आमच्या गाडीचं कव्हर काढलं. मुरुगेसननी हौसेनं लिंबं आणली होती. नवी गाडी पहिल्यांदा काढताना इथे चारी चाकांखाली लिंबं ठेवतात. मी म्हटलं, "अहो, गाडी जुनी आहे." ते म्हणाले, "ड्रायव्हर नवीन आहे ना, अम्मा!"

दिव्या आणि ते मागे बसले, मास्तर डावीकडे. तिघांचे पट्टे टक् टक् लागले. मी यांच्या जागेवर बसले. दार लावलं, आरसा माझ्या उंचीला केला, खांद्यावरून हात मागे नेला आणि पट्टा ओढला. येईना. मागे वळून पाहिलं तर पट्टा सीटच्या पाठीवरून खाली आलेला, आणि खटक्यात अडकलेला. हे शेवटचे उतरले तसाच.

माझा हात तिथेच राहिला. मागून दिव्या हळूच म्हणाली, "आंटी?"

मास्तर समोर बघत होते. "उगे बसूं नका, बाई. जें दिसतें तें बोला."

"पट्टा लागलेला आहे," मी म्हटलं. "माणूस नाही."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "पुढें?"

मी खटक्याचं लाल बटण दाबलं.