मूळ झिलई

२००४ साली डब्लिनमध्ये आमच्या ओळखीचा एक इंजिनिअर जुनी रिव्हॉल्व्हरं जमवत असे. त्याने आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती. दर पार्टीत तो आतल्या खोलीतलं काचेचं कपाट उघडायचा, पाहुण्यांना सुती हातमोजे वाटायचा आणि पोलादावरची शंभराहून अधिक वर्षांची निळसर झिलई दाखवायचा. जेवण गार होईपर्यंत सगळे माना डोलवायचे. मीही डोलवली आहे.

त्या उन्हाळ्यात त्याचे वडील साताऱ्याहून आले. ते पोलिसांच्या शस्त्रागारातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मुलगा ऑफिसला गेलेला असताना त्यांनी कपाटातलं सर्वांत चांगलं रिव्हॉल्व्हर पॉलिश पेपरने घासलं, तेल दिलं आणि चांदीसारखं लखलखीत करून जागेवर ठेवलं.

शनिवारी मुलाने आमच्यासमोर कपाट उघडलं.

"बाबा, ओरिजिनल फिनिश होतं ते. सगळं रुइन केलंत."

"गंज होता तो. आमच्याकडे असं हत्यार सापडलं तर साहेब मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे."

"याला आता कुणी हात लावणार नाही."

"आधी तरी कोण लावत होतं? हातमोजे देतोस की."

एक काकू हसल्या. मुलाने सर्वांदेखत वडिलांना सांगितलं, "यापुढे या खोलीत येऊ नका."

"बरं," ते म्हणाले.

उरलेले दोन महिने त्यांनी हॉलमध्ये, भाषा न कळणाऱ्या टीव्हीसमोर बसून काढले. मुलाने तोवर दुसरं रिव्हॉल्व्हर मिळवलं. ते पाहायला आम्ही सगळे त्यांच्यासमोरूनच आत गेलो.